रंगाखालचे पाच दाणे

घाटटोल्याच्या दंडारीत, गावच्या नाचगाण्याच्या नाटकात, खुशाल नान्हे सात हिवाळे राणी झाला होता. वडशापासून चार मैलांवर, वैनगंगेच्या काठी, साठ घरांचं हे गाव. एरवी खुशाल नदीत आणि तलावात जाळं टाकायचा, हंगामात दुसऱ्याच्या बांधीत रोवणी-कापणीला जायचा. पण धानाची मळणी उरकून गावोगावच्या मंडयांच्या जत्रा आणि शंकरपटाच्या बैलशर्यती सुरू झाल्या की त्याच्या हातांचा मासळीचा वास जायचा आणि खोबरेल तेलात कालवलेल्या रंगाचा वास यायचा. बायकांची सोंगं तेव्हा पुरुषच घेत. खुशालची राणी पाहायला आरमोरीकडून बैलगाड्या येत, आणि ती राणी लुगडं सावरत निघाली की म्हाताऱ्या बायका आपल्या सुनांना सांगत, जरा बघून ठेवा, चालणं असं असतं.

रंगाची कला तो गरजेपोटी शिकला होता. पाच वर्षांचा असताना त्याला देवी आल्या होत्या. तो वाचला, पण तोंडभर खड्डे राहिले. असल्या तोंडाची राणी कोण पाहणार? म्हणून त्याने सफेदा, पिवडीची पिवळी माती आणि गेरू तेलात घोटून, हातावर लावून, पुसून, पुन्हा घोटून, कातडीच्या रंगाशी तंतोतंत जुळणारा लेप करायला स्वतःच शिकून घेतलं. त्यातली खरी खुबी त्याला तिसऱ्या वर्षी सापडली. खड्डा किंवा उंचवटा नुसत्या रंगाने लपत नाही. त्याची जी बारीक सावली पडते, ती लपवावी लागते. सावलीच्या बाजूला लेप जरासा उजळ घेतला की बघणाऱ्याला तिथे सपाट कातडी दिसते. दंडारीचा मालक नथ्थू म्हणायचा, "खुशाल्या, तू उद्या रंग लावून मेला त आमाले चार दिवस समजणार नाई."

एकोणीसशे सत्तावन्नच्या पावसाळ्यात खुशाल आणि कुंताला मुलगी झाली. बुधवारी झाली म्हणून बुधरी. लग्नाला सहा वर्षं होऊन झालेलं पहिलं लेकरू. खुशालची आई गोकुळा तिला दिवसातून दोनदा न्हाऊ घालायची आणि न्हाणीतूनच अख्ख्या आळीला तिचं कौतुक ऐकवायची.

बुधरी तीन महिन्यांची असताना तिच्या कपाळावर, केसांच्या कडेला, एक पिवळसर नारिंगी दाणा आला. मसुरीच्या डाळीएवढा. मग कानशिलावर एक, मानेवर एक, आणि पाठीवर दोन. दुखत नव्हते, खाजत नव्हते, त्यांत पाणी नव्हतं. पोर दूध पीत होती, हसत होती. पण ज्या घरात पूर्वी देवी येऊन गेल्या होत्या, त्या घरात पोरीच्या अंगावर दाणे, एवढं गावाला पुरेसं होतं. कोणी तोंडावर काही बोललं नाही. देवीचं नाव घेऊ नये, नाव घेतलं की ती थांबते, असं घाटटोल्यात सगळेच मानत. फक्त शेजारची शकुबाई विस्तव मागायला यायची बंद झाली, आणि गोकुळाने दाराला कडुलिंबाची डहाळी खोचली. पुढे टोचणी करणारा सरकारी माणूस गावात आला. त्याने दाणे बोटाने दाबून पाहिले आणि या देवी नाहीत, असं चारचौघांत सांगितलं. गावाने मान डोलावली. शकुबाई विस्तवाला मात्र आली नाही.

तेव्हा खुशालने पहिल्यांदा बुधरीला रंग लावला. मंडईला जायचं होतं, कुंताला लेकरू सोबत न्यायचं होतं, आणि गर्दीतून बाया बाजूला सरतील ही धास्ती होती. त्याने गव्हाळ रंगाचा लेप करंगळीवर घेतला आणि कपाळ, कानशील, मान अशा तीन जागा अशा बुजवल्या की कुंताने पोरीला उजेडात धरून पाहिलं आणि तिलाही ओळखू येईना. त्या दिवशी सात बायांनी बुधरीला कडेवर घेतलं. कुंताने ते मोजलं होतं.

तेव्हापासून गावाबाहेर जायचं म्हणजे बुधरीला रंग, ही रीतच झाली. जसं काजळ, तसा रंग.

बुधरी सहा महिन्यांची झाली आणि तिचा डावा डोळा लाल झाला. गोकुळाने दूध घातलं, मग मध घातला. आठ दिवसांनी लाली उतरली, पण कुंताला डोळ्यात काहीतरी वेगळंच दिसलं. बुबुळाच्या काळ्या कड्यावर, खालच्या अंगाला, पिवळट तपकिरी असा बारीक फुगवटा होता, आणि त्याच्या खाली रक्ताची नखाएवढी कोर साचली होती. कुंता उजेडात पोरीला धरून बराच वेळ पाहत राहिली आणि मग खुशालला म्हणाली, "हे आईच्या औषधाचं काम नोहे."

वडशाच्या सरकारी दवाखान्यातले डॉक्टर रजेवर होते. शंकरपटाचा हंगाम भरात होता, खुशालच्या नावावर पाच गावं बोललेली होती. त्याने नथ्थूला जाऊन सांगितलं की राणी यंदा नागपूरला चालली. नथ्थूने दोन शिव्या दिल्या आणि प्रवासासाठी स्वतःची घोंगडी काढून दिली.

छोट्या गाडीने वडशाहून नागभीड, तिथे गाडी बदलून नागपूर. खुशालने निघताना बुधरीला नेहमीपेक्षा जपून रंग लावला. डब्यात दाणे दिसले तर लोक नागभीडलाच उतरवून देतील, आणि त्यातून पोचलोच तर नागपूरचा मोठा डॉक्टर देवी समजून दारातूनच हाकलेल, अशी त्याची आणि कुंताची पक्की समजूत होती. वरून गोकुळाने शिवलेलं लाल टोपडं घातलं.

नागपूरच्या मोठ्या दवाखान्यातले डोळ्यांचे सर्जनसाहेब पन्नाशीचे, कमी बोलणारे. त्यांनी बुधरीला खोलीतल्या अंधारात नेलं, बारीक दिव्याचा झोत टाकून, भिंगातून, अर्धा तास तपासलं. एका हाताचा अंगठा तिच्या पापणीवर आणि बाकीची बोटं कपाळावर टेकवून त्यांनी डोळा उघडा धरला होता. खुशाल त्या बोटांकडेच पाहत होता. लेप निघाला नाही. त्याला मनातून बरं वाटलं, आणि हे बरं वाटणं त्याला पुढे बरेच दिवस टोचलं.

साहेबांनी विचारलं, घरात कोणाच्या डोळ्यात असं काही झालं होतं का. नाही. पोरीला ताप, झटके? नाही. अंगावर कुठे काही गाठ, डाग? खुशालने कुंताकडे पाहिलं. कुंताने टोपड्याची नाडी घट्ट केली. नाही, खुशाल म्हणाला.

मग साहेबांनी सांगितलं की डोळ्याच्या आत मांस वाढतं आहे, एवढ्या लहान लेकरात असं वाढलं की बहुतेक वेळा ते कर्करोगाचं असतं. डोळा ठेवला तर ते आत मेंदूकडे जाईल. डोळा काढला तर पोर जगेल. त्यांनी पंधरा दिवसांनंतरचा सोमवार दिला. तोवर वडशाच्या दवाखान्यात रोज डोळा धुवायचा, थेंब घालायचे, आणि पोरीला भूल सोसण्याइतकी ताकद आहे अशी तिथल्या डॉक्टरची चिठ्ठी आणायची. त्यांचं बोलणं सरळ होतं, आणि त्यांनी जे पाहिलं त्यावरून निघणारा अर्थही चुकीचा नव्हता. परतीच्या गाडीत कुंता एकदाच बोलली. एका डोळ्याची असली तरी माझी असन, असं ती म्हणाली.

वडशाचे डॉक्टर गुणवंतराव देशकर रजेवरून परतले होते. चाळिशीच्या आतले, टक्कल पडलेले, शर्टाच्या बाह्या नेहमी कोपरापर्यंत मोजून दुमडलेल्या. या दवाखान्यात येण्याआधी नागपूरला कातडीच्या रोगांच्या वॉर्डात त्यांनी दोन वर्षं काढली होती. वडशात त्या शिक्षणाचा उपयोग मुख्यतः खरजेवर होत असे. त्यांचा कंपाउंडर दादाजी इथलाच, साठीला टेकलेला, आणि दवाखाना खरं म्हणजे आपणच चालवतो असं मानणारा. ते पूर्ण खोटंही नव्हतं.

खुशाल आणि कुंता गेले तो वडशाच्या बाजाराचा दिवस होता. रस्त्यात धानाच्या गाड्या, माणसांची रेटारेटी. म्हणून बुधरीला रंग होताच.

दादाजीने पोरीला टेबलावर निजवलं आणि बोरिकच्या कोमट पाण्यात कापूस बुडवून डोळा धुवायला घेतला. बुधरीला ते पसंत नव्हतं. तिने मान झटकली, पाणी कानशिलावरून वाहिलं, दादाजीने दुसरा कापूस घेऊन ते टिपलं आणि कापूस तसाच हातात धरून उभा राहिला. कापूस गव्हाळ झाला होता.

"डाक्टरसाहेब, पोरीचा रंग जाऊन राह्यला," दादाजी म्हणाला.

गुणवंतरावांना वाटलं म्हातारा थट्टा करतो आहे. ते उठून आले, कापूस पाहिला, वास घेतला. खोबरेल तेल. मग त्यांनी स्वतः ओला कापूस घेतला आणि बुधरीच्या कानशिलावरून फिरवला. नारिंगी दाणा वर आला. कपाळावर फिरवला, दुसरा आला. टोपडं सोडून, अंगडं काढून, ते मानेवरून पाठीपर्यंत गेले. मोजले. पाच.

"हे कोणी रंगवलं?"

खुशालने खाली पाहिलं. कुंता म्हणाली, "यायनं. हे दंडारीत राणी होतेत."

दादाजी हसायला लागला तो थांबेना. त्याने गेल्या मंडईत राणी पाहिली होती आणि घरी जाऊन बायकोजवळ तिच्या रूपाची तारीफ केली होती, हे आता त्याला आठवत होतं. गुणवंतराव मात्र हसले नाहीत. त्यांनी दाणे कधी आले, कोणत्या क्रमाने आले, वाढले का, फुटले का, हे एक एक करून विचारलं आणि तारखेसकट लिहून घेतलं. कुंताला तारखा येत नव्हत्या, पण पहिला दाणा दिवाळीच्या आधी, दुसरा भाऊबीजेला, असं सगळं तिच्याजवळ नेमकं होतं. मग त्यांनी विचारलं, नागपूरच्या डॉक्टरांनी हे पाहिले का.

"नाई," खुशाल म्हणाला. "त्यायले दिसू नोय असेच लपवले होते."

"त्यांनी विचारलं नाही?"

"इचारलं. मीनं नाई म्हटलं."

गुणवंतरावांचा चेहरा असा झाला की दादाजीचं हसू तिथेच थांबलं. पण ते ओरडले नाहीत. ते उठून दवाखान्यामागच्या आपल्या घरात गेले आणि पलंगाखालची लोखंडी पेटी ओढली. पेटीत सहा-सात वर्षांची वैद्यकीय मासिकं होती. त्यांची बायको ती पेटी रद्दीवाल्याला देण्याच्या गोष्टी तीन दिवाळ्या करत होती. पाऊण तासाने ते हातात एक अंक घेऊन परत आले, आणि आल्या आल्या टॉर्च आणि भिंग घेऊन पुन्हा बुधरीच्या डोळ्यात वाकले. बुधरीने त्यांचा चष्मा धरला. त्यांनी तो तिच्याकडेच राहू दिला.

मग त्यांनी दोघांना बाकावर बसवून सांगितलं. काही लेकरांच्या कातडीवर असे पिवळे दाणे येतात. ते कर्करोगाचे नसतात. वर्षा-दोन वर्षांत आपोआप विरतात. हजारांत एखाद्या लेकराला ते येतात, आणि त्यातल्या फार थोड्या लेकरांच्या डोळ्यातही तसलाच दाणा येतो. तिथून रक्त झिरपतं. बाहेरून बघणाऱ्याला तो कर्करोगच वाटतो. असा डोळा काढल्यावर, चिरून भिंगाखाली पाहिल्यावर, मग डॉक्टरांना कळलेलं आहे की काढायला नको होता. या अंकात तसंच लिहिलं आहे.

"मंजे डोळा राहते?" कुंताने विचारलं.

गुणवंतराव म्हणाले की त्यांनी असं लेकरू आयुष्यात पाहिलेलं नाही, फक्त वाचलेलं आहे. त्यांचं चुकत असेल आणि डोळा ठेवला, तर पोर जाईल. सर्जनसाहेबांचं चुकत असेल आणि डोळा काढला, तर डोळा फुकट जाईल. यातलं खरं काय, ते एक दाणा कापून भिंगाखाली पाहिल्याशिवाय कळणार नाही, आणि ती सोय नागपूरला आहे. त्यांनी दोन पानी पत्र लिहिलं. अंकातली पानं पत्राला टाचली. आणि खुशालला बजावलं, सोमवारी जाताना पोरीच्या अंगाला रंगाचा एक कणसुद्धा लागला तर माझ्याशी गाठ आहे.

सोमवारी बुधरी तिच्या खऱ्या अंगाने नागपूरला गेली. नागभीडला एका बाईने आपलं लेकरू उचललं आणि डब्याच्या पलीकडच्या टोकाला जाऊन बसली. कुंताने तिकडे पाहिलंही नाही.

सर्जनसाहेबांनी आधी पत्र वाचलं नाही, पोरीला पाहिलं. पाहिलं आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. पंधरा दिवसांपूर्वी ज्या कपाळावर त्यांनी स्वतः बोटं टेकवली होती, तिथे आता दाणा होता. कानशिलावर होता, मानेवर होता. त्यांनी नर्सला हाक मारली आणि शस्त्रक्रियेची खोली दुपारऐवजी आत्ताच तयार ठेवायला सांगितली.

खुशालला काही समजेना. त्याने पत्र पुढे केलं. साहेबांनी उभ्याउभ्याच वाचलं आणि टेबलावर ठेवलं. वडशाचे डॉक्टर हुशार दिसतात, ते म्हणाले, पण त्यांची गफलत झाली आहे. ते लिहितात हे दाणे चार महिन्यांचे आहेत. चार महिन्यांचे असते तर गोष्ट वेगळी होती. पण पंधरा दिवसांपूर्वी ते नव्हते. पंधरा दिवसांत डोळ्यातून अंगभर पसरले, याचा अर्थ एकच होतो.

"होते जी," खुशाल म्हणाला. "रंगाखाली होते."

साहेबांनी त्याच्याकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं. खड्ड्यांचं तोंड, नदीवरच्या माणसाचे काळे हात. ते शांतपणे म्हणाले की बापाला आशा वाटणं त्यांना समजतं, पण तीस वर्षं ते डोळे आणि चेहरे तपासत आले आहेत. रंग लावलेलं कपाळ त्यांना ओळखू येतं. हात लावून तपासलं होतं त्यांनी.

नर्स बुधरीला घ्यायला पुढे आली. कुंताने पोरीला छातीशी धरलं आणि नवऱ्याकडे पाहिलं.

खुशालजवळ त्याची रंगाची डबी होती. तीन वाट्यांची, झाकणाला आरसा असलेली. परतताना सिंदेवाहीजवळच्या एका गावी नथ्थूला रात्रीपुरती राणी हवी होती, म्हणून ती पिशवीत आली होती. त्याने पिशवी उलटी केली, डबी उचलली, आणि साहेबांच्या टेबलावरच, त्यांच्या कागदांशेजारी, ती उघडली.

"साहेब, दोन मिंटं तिकडं तोंड करा," तो म्हणाला. "पाहू नोका. पाहत राह्यले त समजन."

अशी आज्ञा त्या खोलीत साहेबांना कोणी केली नसेल. नर्सने डोळे मोठे केले. साहेब का वळले हे त्यांचं त्यांना ठाऊक. पण ते खिडकीकडे वळले आणि हात मागे बांधून उभे राहिले.

खुशालने कुंताच्या मांडीवर पोरीचं डोकं धरलं. सफेदा, पिवडी, चिमूटभर गेरू, तेलाचा थेंब. त्याने कपाळावरच्या दाण्याभोवती लेप फिरवला, खिडकीचा उजेड कुठून येतो ते पाहिलं, सावलीच्या बाजूला उजळ हात दिला, कडा करंगळीने पुसत नेऊन कातडीत मिसळल्या आणि वरचं तेल कुंताच्या पदराने टिपून घेतलं. कानशिलावर तेच केलं. मानेवरचा दाणा त्याने तसाच ठेवला.

"आता पाहा."

साहेब वळले. त्यांनी बुधरीच्या तोंडाकडे पाहिलं, मग चष्मा पुसला. पुढे येऊन, पंधरा दिवसांपूर्वी धरला होता तसाच अंगठा पापणीवर आणि बोटं कपाळावर टेकवली. बोट दाण्यावरच होतं. बोटाखाली काहीतरी लागत होतं, पण लेकराच्या कपाळाला बारीक टेंगूळ असतंच. डोळ्याला काही दिसत नव्हतं. त्यांनी बोट अंगठ्याला घासून पाहिलं. कोरडं. मग खिशातून रुमाल काढला, पाण्यात बुडवला, आणि स्वतः पुसलं. रुमाल गव्हाळ झाला. दाणा वर आला.

बुधरीने जांभई दिली.

"त्या दिवशी मी विचारलं होतं, अंगावर काही आहे का," साहेब म्हणाले. "तू नाही म्हणालास."

"देवी समजून हाकलसान वाटलं जी."

साहेब खुर्चीत बसले. त्यांनी पत्र पुन्हा उचललं आणि या वेळी बसून वाचलं. टाचलेली पानं वाचली, पहिल्या पानावर परत गेले, पुन्हा वाचली. कुंता म्हणते की तेवढ्या वेळात तिने खिडकीचे गज एकतीस वेळा मोजले. मग त्यांनी नर्सला सांगितलं की मोठी खोली नको, लहान चाकू आणि दोन टाके पुरेत. मानेवरचा दाणा काढायचा आहे. तो तपासायला जाईल. उत्तर येईपर्यंत डोळ्याला हात लावायचा नाही.

उत्तर यायला नऊ दिवस लागले. ते नऊ दिवस दोघं नागपुरात इतवारीच्या धर्मशाळेत राहिले. खुशालने पहिले दोन दिवस काही खाल्लं नाही. तो कुंताला पुन्हा पुन्हा म्हणायचा की त्या दिवशी होय म्हटलं असतं तर हे काही झालं नसतं. तिसऱ्या दिवशी कुंताने त्याच्यासमोर भाकरी ठेवली आणि सांगितलं की टोपड्याची नाडी मीच घट्ट केली होती, अर्धं पाप माझं, तेव्हा अर्धीच भाकर सोड. त्याने अर्धी खाल्ली. मग उरलेली अर्धीही खाल्ली.

दहाव्या दिवशी साहेबांनी अहवाल हातात धरून दोघांना बसायला सांगितलं. भिंगाखाली मोठमोठ्या पेशी दिसल्या होत्या, आणि त्या प्रत्येकीत बारीक ठिपक्यांची गोल माळ. ही माळ कर्करोगात दिसत नाही. या निरुपद्रवी दाण्यांतच दिसते. साहेबांनी कागदावर पेन्सिलीने एक वर्तुळ काढलं, त्यात ठिपक्यांची माळ काढली आणि खुशालपुढे सरकवलं. खुशालने ते चित्र बराच वेळ पाहिलं. त्याला वाटलं, राणीच्या बिंदीची माळ थेट अशीच असते.

"डोळा राह्यला?" त्याने विचारलं.

"राहिला. पण नुसता राहून भागणार नाही, दिसलाही पाहिजे," साहेब म्हणाले. आतल्या रक्ताने डोळ्याचा दाब वाढू नये म्हणून त्यांनी किरणांची अगदी हलकी मात्रा चार वेळा दिली, थेंब दिले, आणि दर महिन्याला वडशाला डॉक्टर देशकरांनी तपासावं असं ठरवलं. देशकरांना साहेबांनी वेगळं पत्र लिहिलं. त्यात काय होतं ते गुणवंतरावांनी कोणाला सांगितलं नाही, पण दादाजीने ते वाचलं, आणि वडशाच्या बाजारात त्यातलं निम्मं आणि स्वतःचं निम्मं असं मिळून सगळ्यांना समजलं. गुणवंतरावांच्या बायकोने पेटीला कुलूप लावलं.

घाटटोल्यात परत आल्यावर खुशालने बुधरीला उघड्या अंगाने ओसरीवर ठेवलं. येणाऱ्या-जाणाऱ्याला तो स्वतःच बोलावून दाणे दाखवायचा आणि नागपूरच्या साहेबाने काढलेली माळ भिंतीवर कोळशाने काढून समजावायचा. नथ्थूच्या मते राणीच्या भाषणापेक्षा हे भाषण लांबत होतं. पाचव्या दिवशी शकुबाई आली. विस्तव मागितला नाही. आधी पोरीला उचललं, चारही दाण्यांवरून बोट फिरवलं, मग म्हणाली, "एवढ्याशा दाण्यापायी तुमी मायलेकरं पाच महिने माझ्या घरी आलेच नाई."

गोकुळाने तोंड उघडलं होतं. कुंताने सासूच्या पायावर पाय ठेवला आणि शकुबाईला विस्तव दिला.

उन्हाळ्यात डोळ्यातली रक्ताची कोर विरली. पावसाळ्यात पाठीवरचे दाणे बसले. पुढच्या हिवाळ्यापर्यंत बुबुळावरचा फुगवटा इतका ओसरला की भिंगाशिवाय दिसेना. पण डोळा कामाचा आहे की नुसता जागेवर आहे, हे एवढ्या लहान पोरीला विचारता येत नव्हतं. गुणवंतराव दर महिन्याला टॉर्च हलवून पाहत आणि दर महिन्याला म्हणत, नक्की सांगता येत नाही. ते बोलायला नेहमीच कंजूष होते. खुशालला मात्र त्या चार शब्दांनी महिनाभर झोप लागत नसे.

एकोणसाठच्या मार्चात, बुधरी वीस महिन्यांची असताना, त्यांनी तिला टेबलावर बसवलं आणि दादाजीला बाजारातून मुरमुरे आणायला पाठवलं. त्यांनी खुशालला समजावलं की आपण तिचा चांगला डोळा झाकणार. दुसऱ्या डोळ्याला दिसत नसेल तर तिच्यापुढे अंधार होईल, ती घाबरेल, हात झटकून टाकेल. पोरं यात खोटं बोलत नाहीत.

खुशाल भिंतीला टेकून उभा राहिला. कुंता मात्र टेबलाशीच उभी होती.

गुणवंतरावांनी हळूच उजव्या डोळ्यावर तळहात ठेवला. दादाजीने बुधरीपुढे, हातभर अंतरावर, पांढऱ्या चादरीवर एकच मुरमुरा ठेवला. पांढऱ्यावर पांढरा. खुशालला ओरडून सांगावंसं वाटलं की निदान चादर तरी काळी घ्या.

बुधरी हलली नाही. तिने मान जराशी वाकडी केली. मग दोन बोटं पुढे केली, मुरमुरा उचलला आणि तोंडात टाकला. दादाजीने दुसरा ठेवला, लांब, कोपऱ्याला. तिने तोही उचलला. तिसऱ्याच्या वेळी दादाजी पुडीत हात घालतच होता, तेवढ्यात बुधरीने वाकून पुडीच ओढली आणि मांडीत घेऊन खायला बसली. डॉक्टरांचा हात अजून तिच्या उजव्या डोळ्यावर होता. तिने तो झटकला नाही. तिचं तिकडे लक्षच नव्हतं.